नऊ, तीन, तीन, एक

मेंडेल म्हटलं की आपल्याला आठवतात वाटाणे. उंच आणि बुटका, पहिल्या पिढीत सगळे उंच, दुसऱ्या पिढीत तीनास एक. शाळेत चौकटी आखून मार्क मिळवले आणि विषय संपला. पुढे इंजिनिअरिंगला गेलो, जीवशास्त्राशी काडीमोड झाला तो झालाच. पण गेले काही महिने वीकेंडला वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास वाचायचं वेड लागलंय. वाचताना सारखं जाणवतंय की राज्य कुणाचं होतं आणि भाव काय होता, हे सगळं आहेच. पण दीडशे वर्षं खरी ओढाताण चाललीय ती सरकीवरून. सरकीच्या पोटात कुठले गुण आहेत, आणि ते कुणाच्या ताब्यात आहेत?

माझं आजोळ बाळापूर तालुक्यातलं. अकोल्याहून पंचवीसेक किलोमीटर, मुंबई-कोलकाता महामार्गावर. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहानं तो सुरू केला आणि १७५७ मध्ये अचलपूरच्या नवाबानं, इस्माईलखानानं, पुरा केला. मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची छत्रीही आहे. पुण्याहून मित्र आले की आम्ही त्यांना हेच दाखवतो. पण किल्ल्यावरून खाली जी काळी जमीन दिसते ना, तिचा इतिहास किल्ल्यापेक्षा कमी नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा भाग म्हणजे खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारं, विहीर खणून पिकाला उपयोग नाही. त्यामुळे कपाशी पावसाच्या भरवशावर. (वऱ्हाडात झाडाला पऱ्हाटी म्हणतात, बीला सरकी, आणि सरकी काढलेल्या कापसाला रुई. एवढे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.)

तर सुरुवात करू १८५३ पासून. त्या वर्षी निजामानं वऱ्हाड कंपनीकडे सोपवला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग सगळ्यांचे डोळे वऱ्हाडकडे. १८६५ ला युद्ध संपलं तरी साहेबाची चिंता संपली नाही. १८६६ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी रिव्हेट-कारनॅक हा खास कापूस कमिशनर नेमला गेला. त्याच सुमारास रेल्वेही आली, १८६७ मध्ये ती पार नागपूरला पोचली.

गिरण्यांना हवा होता लांब धागा. तो आपल्याकडे नव्हता असं नाही. हिंगणघाटचा 'बनी' कापूस लांब आणि तलम धाग्यासाठी नावाजलेला होता. म्हणून हिंगणघाटचं बी वऱ्हाडात पसरवायचा प्रयत्न झाला. तो फारसा टिकला नाही. आखूड, जाडाभरडा धागा देणारे वाणच वाढत गेले. साहेबांच्या अहवालांमधला सूर ठरलेला: शेतकऱ्याला चांगलं कळत नाही, व्यापारी भेसळ करतात.

भेसळ होत होती हे खरं. पूर्वी सरकी घरीच रेच्यावर काढत, त्यातली चांगली निवडून बी म्हणून ठेवत. वाफेवरची जिनं आली आणि दहा गावांचा कापूस एका ढिगात पडू लागला. बाहेर येणारी सरकीही दहा गावांची. तीच पुढच्या वर्षी शेतात. शिवाय मधमाश्या इकडचा पराग तिकडे नेतातच. म्हणजे घरोघरी पिढ्यानपिढ्या चाललेली निवड जिनाच्या दारात मोडली.

पण 'शेतकऱ्याला कळत नाही' हे काही पटत नाही. हिशोब करून बघा. शंभर किलो कापसातून बनीची रुई निघे तीस किलोच्या आसपास, आखूड धाग्याच्या काही वाणांची चाळीसपर्यंत. वर एकरी उतारा जास्त आणि पाऊस कमी-जास्त झाला तरी झाड तग धरणार. लांब धाग्याला मिळणारा जादा भाव हा फरक भरून काढत नसेल, तर शेतकऱ्यानं बनी का पेरावी? गिरणीवाला एक गुण मोजत होता, शेतकरी पाच गुण एकत्र मोजत होता. आणि बीमध्ये गुण सुटे मिळत नाहीत. लांब धागा घ्यायचा तर त्या झाडाबरोबर आलेलं बाकीचं सामानही घ्यावं लागतं.

यातलं शास्त्र कळायला १९०० साल उजाडलं. मेंडेलचा विसरलेला निबंध त्या वर्षी पुन्हा उजेडात आला, आणि ११ वर्षांत त्याचे नियम हिंदुस्थानी कापसावर तपासून झाले होते! कानपूरच्या लीक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९११ मध्ये आपल्या देशी कापसाचा अभ्यास छापला. पिवळ्या फुलाचं झाड आणि पांढऱ्या फुलाचं झाड यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत पिवळी फुलं, दुसऱ्या पिढीत पिवळी-पांढरी, तीनास एकच्या जवळपास. वाटाण्याचा नियम पऱ्हाटीलाही लागू.

वऱ्हाडच्या शेतांत तेव्हा ही दोन्ही फुलं शेजारी शेजारी दिसायची, कारण बीच मिसळलेलं. शेतीखात्यानं त्यातून पांढऱ्या फुलांचं, भरपूर रुई देणारं 'रोझियम' वेगळं काढलं आणि त्याचं बी वाटलं. (नाव गुलाबी, फूल पांढरं. असो.) धागा आखूडच होता. म्हणजे खात्यानंही शेवटी शेतकऱ्याचंच गणित मान्य केलं. पुढे थोडा बरा धागा आणि मर रोगाला तोंड देण्याची ताकद, दोन्ही साधायचा प्रयत्न 'व्हेरम' वाणांत झाला. हे सगळे सरळ वाण होते. चांगलं झाड निवडा, त्याचं बी ठेवा, पोर बापासारखं निघतं. सरकारी फार्मवरून पसाभर बी आणलं की चार-पाच वर्षं निवांत.

तुम्ही म्हणाल, मग अमेरिकन लांब धागा आणि देशी काटकपणा यांचा संकरच का नाही केला? साहेबालाही हेच वाटत होतं. अडचण पेशीच्या आत होती. देशी कापसात गुणसूत्रं २६, अमेरिकन कापसात ५२. दोघांचा संकर झालाच तर पोराच्या वाट्याला येतात ३९. ती जोडीनं नीट वाटली जात नाहीत, आणि झाड बहुधा वांझ निघतं. स्कोव्हस्टेड नावाच्या शास्त्रज्ञानं १९३४ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकन कापूस हाच मुळात दोन जातींच्या संकरातून दुप्पट झालेला आहे. त्यातला अर्धा वाटा आपल्या देशी कापसाच्या कुळातला, अर्धा अमेरिकेतल्या रानकापसाच्या कुळातला. म्हणजे आपण ज्याला परका समजत होतो तो अर्धा भाऊबंदच निघाला :)

आता येतो खरा वळणाचा काळ. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा संकरित कापूस आणला. दोन अमेरिकन कुळांच्या संकराची पहिली पिढी, व्यापारी लागवडीसाठी, जगात पहिल्यांदा. पहिल्या पिढीत जोम असतो: झाड मोठं, बोंडं जास्त. पण हे बी दरवर्षी नव्यानं बनवावं लागतं. संध्याकाळी एकेका कळीतले पुंकेसर हातानं काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग हातानं लावायचा. असं फूल-फूल करून लाखो एकरांचं बी बनवणं मजुरी स्वस्त असलेल्या देशातच परवडतं. म्हणून बाकी जग बहुतेक सरळ वाणांवर राहिलं, आणि आपण संकरितांकडे वळलो.

संकरित बी घरी ठेवलं तर? माझ्या मामानं एकदा ठेवून बघितलं होतं. तो सांगतो, "एक झाड उंच, एक खुजं, कोन्या बोंडाले कापूस तर कोनाले नुसती कवडी. काही धरच नाई लागत गा त्याचा!" मामानं मेंडेल वाचलेला नाही, पण दुसऱ्या पिढीत गुण फुटतात याचं इतकं नेमकं वर्णन मला पाठ्यपुस्तकात सापडलं नाही.

गंमत बघा. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं आपल्या शेतकऱ्याला बी ठेवण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा हक्क दिलाय. जगातल्या फार थोड्या कायद्यांत इतकी मोकळीक आहे. पण संकरित बियाण्यापुढे हा हक्क कागदावरच राहतो. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर हे सबस्क्रिप्शन मॉडेल आहे, दरवर्षी रिन्यू करा. लायसन्स मोडू न देण्याचं काम मेंडेलचे नियमच करतात, कंपनीला वकील लागत नाही.

आणि मग मार्च २००२. जालन्याच्या महिकोच्या तीन बीटी वाणांना केंद्राची परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं. त्यातून तयार होणारं प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात जाऊन तिला मारतं. माणसाच्या पोटात ते पचून जातं. २००६ मध्ये दोन जनुकं असलेलं बोलगार्ड-२ आलं. देशाचं उत्पादन २००१-०२ मध्ये १५८ लाख गाठी होतं, ते २०१३-१४ मध्ये ३९८ लाखांपर्यंत गेलं. यात गुजरातचं पाणी, खतं, वाढलेलं क्षेत्र, सगळ्याचा हात आहे. पण बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीला कमी झाल्या हे कुणी नाकारत नाही.

अमेरिका, ऑस्ट्रेलियात हे जनुक सरळ वाणात गेलं. आपल्याकडे ते गेलं संकरितात, तेही बहुधा एका पालकाकडूनच. इथे मेंडेल परत येतो. शेतात उभं असलेलं बीटीचं झाड पहिल्या पिढीचं. पण त्याच्या बोंडातली सरकी ही दुसरी पिढी! दोन जनुकं असतील, तर सोळा सरक्यांचा हिशोब साधारण असा: नऊमध्ये दोन्ही विषं, तिनांत फक्त पहिलं, तिनांत फक्त दुसरं, आणि एकीत काहीच नाही. नऊ, तीन, तीन, एक.

इतर अळ्यांना याचा फारसा फरक पडत नाही. पण गुलाबी बोंडअळी राहते कुठे? बोंडाच्या आत. खाते काय? सरकी. १८४३ मध्ये भडोचच्या कापसावरून तिचं पहिलं वर्णन झालं, तेव्हापासून ती आपली जुनी पाहुणी. एका बोंडात तीसेक सरक्या; त्यातली एखाद-दुसरी बिनविषाची, काहींत अर्धाच डोस. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडावा तशी अवस्था. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी हा मुद्दा वारंवार मांडलाय. शिवाय संकरित झाड लांब मुदतीचं, वर फरदड घेतली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत अळीला ताट वाढलेलंच.

अळीलाही अनुवंशशास्त्र असतंच की. विष पचवण्याचा तिचा गुण सहसा दबलेला असतो, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. म्हणून बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या: तिथले साधे पतंग बीटीतून वाचलेल्यांशी संग करतात आणि तो गुण पुन्हा दबतो. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधं बी मिळायचं. पाच-दहा एकरवाला माणूस अळीसाठी ओळी राखणार का? बहुतेकांनी नाही राखल्या. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी अळी जाहीर झाली, २०१७ मध्ये दोन्ही जनुकं असलेली शेतं महाराष्ट्रात गेली. फुलं डोमकळ्या होऊन मिटलेली, बोंडं किडकी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं दगावली. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेनं गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. तीच जनुकं, पण सरळ वाणात. साध्या ओळी राखलेल्या, आणि वर वांझ केलेले पतंग सोडलेले.

चीनची गोष्ट आणखी बोलकी. यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरिताची दुसरी पिढीच पेरली, स्वस्त पडते म्हणून. त्यामुळे चारातलं एक झाड आपोआप बिनबीटीचं निघालं, शेतभर साध्या ओळी विखुरल्यासारख्या, आणि अळीची वाढती प्रतिकारशक्ती मागे हटली. हा अभ्यास २०१७ मध्येच प्रसिद्ध झाला. नियम तोच; चीनमध्ये चौथं झाड साधं निघालं तिथे तो उपयोगी पडला.

त्यामुळे 'बीटी चांगलं की वाईट' या वादात मला आता रस उरला नाहीये. जनुक आपलं काम करत होतं. ते संकरितात घालायचं, हे जनुकानं ठरवलं नव्हतं. बी दरवर्षी विकलं जावं या सोयीनं ठरवलं होतं. खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू शेताला हवं होतं कमी मुदतीचं, जवळजवळ लावता येणारं, घरी ठेवता येणारं सरळ वाण. सरकारी संस्थांची तशी बीटी वाणं आता आली आहेत, पण दुकानाच्या फळीवर अजून संकरित पाकिटांचंच राज्य आहे.

जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेनं अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला परवानगी नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी जाहीरपणे पेरली. तंत्रज्ञान निवडायचा हक्क शेतकऱ्याला हवा, ही मागणी मला पटते. पण पुढचं जनुक दारात येईल तेव्हा मामानं दुकानदाराला एवढं जरूर विचारावं: भाऊ, हे सरळ वाणात आहे का संकरितात? औंदाच्या सरकीतून पुढच्या साली तेच झाड निघेल का?