क्रम आणि मांडणी : संगणकीय विचाराच्या इतिहासातील एक प्रकरण

संगणकाचा इतिहास सांगताना आकडेमोडीस अग्रस्थान देण्याची प्रथा पडून गेली आहे. तोफगोळ्यांचे मार्ग काढण्याच्या निकडीतून हे यंत्र जन्मास आले असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु यंत्र सर्वोपयोगी आहे किंवा नाही हे ज्या प्रश्नावर प्रथम पारखले गेले, तो प्रश्न आकडेमोडीचा नव्हता. तो क्रम लावण्याचा होता.

या प्रश्नाचे मूळ संगणकापूर्वीचे आहे. अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेचे तक्ते पुरे होण्यास सातआठ वर्षे लागली. म्हणून १८९० साली हर्मन होलरिथ याची विद्युत्-यंत्रे योजण्यात आली. माणशी एक कार्ड, आणि कार्डावरील भोकांत त्या माणसाची माहिती. यंत्र भोके वाचून मोजणी करी व योग्य कप्प्याचे झाकण उघडी. कार्ड आत टाकण्याचे काम कारकुनाकडेच राही. पुढे हे वाटपही स्वयंचलित झाले आणि कार्डे क्रमाने लावण्याची एक विलक्षण रीत रूढ झाली. क्रमांक तीन अंकी असेल तर वाटणी शतकापासून नव्हे, एककापासून सुरू करावयाची. ३२७ आणि ३१९ ही कार्डे घ्या. एककाच्या फेरीत ३२७ पुढे राहते. दशकाच्या फेरीत ३१९ पुढे येते. शतक दोहोंचा समान, म्हणून शेवटच्या फेरीत आधीचाच क्रम टिकतो. सारी मदार या टिकण्यावर आहे. समान अंकाच्या कार्डांचा आपसातील क्रम एखाद्या फेरीत विस्कटला की आधीच्या फेऱ्या वाया गेल्याच. शतकापासून आरंभ केला असता तर दहा ढीग शेवटपर्यंत वेगवेगळे सांभाळावे लागले असते. ही युक्ती गणितज्ञांच्या ग्रंथांतून नव्हे, तर कार्डांच्या ढिगाशी झगडणाऱ्या कचेऱ्यांतून प्रचारात आली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९४५ साली जॉन फॉन नॉयमन एडव्हॅक या नियोजित यंत्राच्या आज्ञासंचाचा विचार करीत होता. त्याने शाईने लिहिलेले तेवीस पानांचे एक हस्तलिखित उपलब्ध आहे. पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेल्या व मागाहून खोडलेल्या ‘अतिगोपनीय’ अशा अर्थाच्या शेऱ्याच्या खुणा आहेत. एवढ्या गुप्ततेने राखलेला हा मजकूर कशाविषयी असावा? नोंदी क्रमाने लावण्याविषयी. डोनाल्ड क्नूथ याने १९७० साली त्याचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. गुणाकार-भागाकार यंत्रास साधणारच होते; तुलना करणे आणि तिच्या निकालानुसार पुढील आज्ञा निवडणे त्याच आज्ञासंचाने साधेल काय, हा खरा प्रश्न होता. फॉन नॉयमनने निवडलेली रीत मिलनाची होती : क्रमात लागलेल्या दोन याद्यांच्या अग्रभागींच्या नोंदी ताडून लहान ती उचलावयाची. एकेका नोंदीच्या जोड्या, जोड्यांच्या चौकड्या असे करीत हजार नोंदी दहा फेऱ्यांत लागतात. प्रत्येक नोंद प्रत्येकीशी ताडली तर ४,९९,५०० तुलना कराव्या लागतात. मिलनास दहा हजारांहून अधिक लागत नाहीत. मात्र त्याची किंमत म्हणून मूळ यादीइतकीच आणखी जागा द्यावी लागते. प्रत्यक्षात उभे राहिलेले एडव्हॅक पुष्कळ निराळे होते, पण त्यामुळे या परीक्षेचे मोल उणावत नाही.

येथवर नोंदी एकापुढे एक सलग ठेवलेल्या असत. १९५५–५६ च्या सुमारास न्यूएल, शॉ व सायमन हे तर्कशास्त्रातील सिद्धान्त यंत्राकडून सिद्ध करवून घेण्याच्या खटपटीत होते. कोणते सूत्र किती लांबेल हे आधी कळणे अशक्य. म्हणून त्यांनी प्रत्येक नोंदीबरोबर पुढील नोंदीचा पत्ता साठविला. या साखळीत नवी नोंद घालण्यास बाकीच्या नोंदी सरकवाव्या लागत नाहीत. उलट मधल्या नोंदीवर एकदम बोट ठेवता येत नाही, त्यामुळे यादी निम्मी-निम्मी करीत शोधण्याची सोय जाते. मिलन मात्र साखळीवर सुखाने चालते, कारण तेथे केवळ पत्ते बदलावयाचे असतात. रीत आणि मांडणी हे दोन स्वतंत्र विषय मानणाऱ्या पाठ्यपुस्तकांनी या ठिकाणी थोडे थांबावयास हवे.

टोनी होअर यास आपली जलद रीत मॉस्को येथे विद्यार्थी असताना सुचली. रशियन वाक्यांचे यांत्रिक भाषांतर करावयाचे होते; कोश चुंबकीय फितीवर वर्णानुक्रमे होता, तेव्हा वाक्यातील शब्द त्याच क्रमाने लावले तरच एका फेरीत अर्थ सापडणार. एक शब्द निवडून बाकीचे त्याच्या अलीकडे-पलीकडे वाटावयाचे, आणि दोन्ही भागांस तीच क्रिया लागू करावयाची. कल्पना सोपी असली तरी ती नेटकी लिहिण्यास स्वतःस बोलावणारी आज्ञावली हवी होती. ती सोय अल्गोल ६० या भाषेत मिळाली, आणि १९६१ साली ही रीत प्रसिद्ध झाली. तिच्यात एक उणीव राहिली : निवड सतत वाईट पडली तर तुलनांची संख्या नोंदींच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

१९६४ साली जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स याने निराळा मार्ग काढला. त्याने नोंदी सलगच ठेवल्या, पण क अंकाच्या जागेखाली २क व २क+१ या जागा येतात असे मानून त्यांतून एक झाड कल्पिले. पत्ता साठवावा लागत नाही, कारण तो गुणाकाराने निघतो. अधिक जागाही लागत नाही, आणि निवड वाईट पडण्याचे भयही उरत नाही. त्याच वर्षी रॉबर्ट फ्लॉइड याने हे झाड तळापासून वर उभारीत जाण्याची अधिक जलद रीत दिली.