ठेंगणी दुरंगी तगर

तगर हे करवीर कुलातील सदाहरित झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव टॅबर्निमोंटाना डायव्हॅरिकेटा आहे. पूजेच्या पांढऱ्या फुलांसाठी ते अंगणात व देवळांभोवती लावतात. त्याचा ठेंगणा, पांढरट कडांच्या पानांचा वाण कुंडीत शोभतो. या कडांत हरितद्रव्य फारच कमी असल्याने झुडूप सावकाश वाढते व कडक उन्हात पाने करपतात. भवानीनगर (ता. इंदापूर, जि. पुणे) येथील कोरड्या, उष्ण हवेत त्यास दुपारची सावली द्यावी.

पानांचा दुरंगीपणा बियांतून टिकण्याची खात्री नसते. त्यामुळे पावसाळ्यात १० ते १५ सें.मी. लांबीच्या फाटे कलमांपासून रोपे तयार करतात. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या या परिसरात उसाचा वाणही कांडीच्या बेण्यानेच राखला जातो.

कधी झुडपावर निव्वळ हिरवी फांदी फुटते. ती अधिक अन्न तयार करून जोमाने वाढते व काही काळात संपूर्ण झुडूप व्यापते. म्हणून अशी फांदी दिसताच बुडापासून छाटावी. अन्यथा दुरंगी वाण हातचा जातो. छाटताना निघणारा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.