नायकाचे गुपित आणि त्याची किंमत

चित्रकथेतील महानायक जगाला वाचवतो आणि आपल्या माणसांना फसवतो, हे विधान वरकरणी थट्टेचे वाटेल. परंतु अभिजात कॉमिक्सचा इतिहास पाहिला, तर ते त्या साहित्यप्रकाराच्या रचनेविषयीचेच विधान आहे, असे दिसते. जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन अवतरला, त्याच अंकात लोइस लेनही आली. ती सुपरमॅनवर लुब्ध होते आणि क्लार्क केंटला भित्रा समजते. हे दोघे एकच आहेत, हे नायकाला ठाऊक आहे, वाचकालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते केवळ तिला. तिच्या या अज्ञानावरच सारा त्रिकोण उभा आहे. १९५८ ते १९७४ या काळात तिच्या नावाची स्वतंत्र मालिका निघाली. पण त्या मालिकेच्या शीर्षकातही तिची ओळख 'सुपरमॅनची मैत्रीण' अशीच होती. त्यातील कित्येक कथांचा साचा ठरलेला आहे: लोइस गुपिताच्या जवळ पोचते, सुपरमॅन एखादा बनाव रचतो आणि ती हास्यास्पद ठरते. बातमीदार म्हणून जो चौकसपणा तिचा गुण असायला हवा, तोच येथे शिक्षेस पात्र असा दोष होतो.

या वागणुकीचे समर्थन नेहमी एकच असते: गुपित राखायचे ते तिच्या सुरक्षिततेसाठी. हा युक्तिवाद कथेच्या अंतर्गत पुराव्यावरच टिकत नाही. खलपुरुष लोइसला पळवतात ते क्लार्क केंटची सहकारी म्हणून नव्हे, तर सुपरमॅनची प्रिय व्यक्ती म्हणून. आणि ते नाते तर जगजाहीर आहे. तेव्हा गुपिताने रक्षण होते ते तिचे नव्हे, कथेचे. गुपित फुटले की त्रिकोण संपला, आणि त्रिकोण संपला की पुढचा अंक नाही.

उंबेर्तो एको याने १९६२ मध्ये सुपरमॅनच्या मिथकावर लिहिलेल्या निबंधात या रचनेचे मर्म सांगितले आहे. कृती करणारा माणूस कृतीगणिक खर्च होतो, मृत्यूकडे सरकतो. मालिकेच्या नायकाला मात्र खर्च होऊन चालत नाही. म्हणून त्याचा विवाहही होऊ शकत नाही, कारण विवाह हे मृत्यूच्या दिशेने पडलेले एक पाऊल ठरेल. एकोचे हे विवेचन मार्मिक असले, तरी ते नायकाच्या बाजूने केलेले आहे. थांबवून ठेवलेल्या काळाचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न त्यात मागेच राहतो. तो भार वाट पाहणाऱ्या व्यक्तीवर पडतो.

मराठी वाचकाला या वाट पाहण्याचा परिचय झाला तो 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून. टाइम्स ऑफ इंडियाच्या या प्रकाशनाने १९६४ ते १९९० या काळात ली फॉकचा फँटम भारतीय भाषांत आणला; मराठीत तो 'वेताळ' झाला. कोकणात वेताळ हे गावाची राखण करणारे, रात्री फेरी घालणारे दैवत. घरसंसार नसलेल्या रक्षकाची कल्पना या नामकरणाने वाचकाच्या ओळखीच्या भूमीवर आणून ठेवली. डायना पामर १९३६ च्या पहिल्याच कथेत आहे आणि तिचा विवाह १९७७ मध्ये झाला. मध्ये एक्केचाळीस वर्षे गेली. लोइससारखी तिची फसवणूक होत नाही. नायकाचे रहस्य तिला ठाऊक आहे आणि संयुक्त राष्ट्रसंघातील स्वतःचे कामही तिला आहे. तिच्या वाट्याला अपमान येत नाही; येते ते निव्वळ ताटकळणे. यातली विसंगती अशी की, हा एकविसावा वेताळ पित्याकडून पुत्राकडे आलेल्या वारशावर उभा आहे. आधीच्या वीस पिढ्यांतील पत्नींवाचून हे अमरत्वच शक्य झाले नसते.

हा प्रश्न आपल्या इतिहासाच्या संदर्भात तपासायचा, तर रायगड जिल्ह्यातील घाटाला टेकलेले कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके पुरेसे आहेत. तेथील दोन वीरांच्या चरित्रांत कॉमिक्सची दोन मुख्य साधने, म्हणजे दुसरे नाव आणि लपलेले जीवन, प्रत्यक्षात आढळतात. खालापूर तालुक्यातील चौक हे नेतोजी पालकरांचे गाव मानले जाते. 'प्रतिशिवाजी' हे त्यांचे पहिले दुसरेपण, गौरवाचे. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्यानंतर नेतोजींना अटक होऊन दिल्लीस नेण्यात आले आणि १६६७ मध्ये धर्मांतर होऊन ते मुहम्मद कुलीखान झाले. हे दुसरेपण लादलेले होते आणि त्यात त्यांच्या स्त्रियांनाही ओढण्यात आले. १६७६ मध्ये नेतोजी परतले आणि त्यांना स्वधर्मात घेण्यात आले. ही परतीची कथा आवडीने सांगितली जाते. त्या स्त्रियांचे काय झाले, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

कर्जत तालुक्यातील माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल हे वकील होते. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. येथे लपणे हा कथेचा डाव नव्हता, आणि पोलिसांचा धोका घराच्या उंबऱ्यापर्यंत येणारा होता. मुख्य भेद काळाचा आहे. मागे राहिलेल्या घराला ३ जानेवारीचा दिवसही काढावा लागतो. मालिकेतील घराला तो दिवस कधीच येत नाही.

पुढे कॉमिक्समध्येही काळ हलला. १९७३ मध्ये स्पायडरमॅनची ग्वेन स्टेसी मेली, तीही त्याने तिला वाचवण्यासाठी फेकलेल्या जाळ्याच्याच झटक्याने. १९९१ मध्ये क्लार्कने लोइसला आपले गुपित सांगितले आणि १९९६ मध्ये त्यांचा विवाह झाला. परंतु ग्वेनच्या मृत्यूने नायकाचे दुःख तेवढे खोल झाले. तिचे स्वतःचे आयुष्य कथेचा विषय झाले नाही. नायकाला हलवण्यासाठी मारल्या वा छळल्या गेलेल्या अशा स्त्री-पात्रांची यादीच गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये केली.

आपल्या परंपरेत याहून वेगळा एक आकृतिबंध उपलब्ध आहे. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात तानाजी मालुसरे कोंढाण्यावर जातात ते मुलाचे, रायबाचे, लग्न मागे ठेवून. येथेही घराला दुय्यम स्थान आहे. पण ते लपवलेले नाही. काय मागे टाकले जात आहे, हे श्रोत्याला आरंभीच सांगितले जाते आणि त्या ओझ्यासह तो गड चढतो. पोवाडा एका बैठकीत पुरा होतो, त्याला पुढचा अंक नसतो. म्हणून किंमत सांगणे त्याला परवडते. नेतोजी आणि कोतवाल यांची चरित्रे आज मुलांसाठी चित्रांतून सांगायची झाल्यास दोन्ही साचे हाताशी आहेत. मालिकेचा साचा घेतला, तर चौकातील आणि माथेरानातील घरे चौकटीबाहेर जातील. पोवाड्याचा घेतला, तर निदान पहिल्या चौकटीत ती दिसतील, आणि त्यानंतर त्या घरांचे काय झाले, असे एखादे मूल विचारू शकेल.