हिंगणघाट ते काकीनाडा : कापसासाठी आखलेली आणि सोडून दिलेली वाट

१/ हिंगणघाटाहून समुद्र पाहण्यासाठी निघालेली गाडी आज बहुधा पश्चिमेचा रस्ता धरते. अलिबाग, गणपतीपुळे, मालवण, फार तर गोवा. गावाच्या कडेने वाहणारी वणा नदी मात्र पूर्वेच्या समुद्राची आहे. वणेचे पाणी वर्धेत, वर्धेचे प्राणहितेत, प्राणहितेचे गोदावरीत आणि गोदावरीचे बंगालच्या उपसागरात जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर काही माणसांनी हाच ओघ व्यापारी मार्ग म्हणून वापरण्याचा घाट घातला होता. त्या मार्गाची हकीगत या धाग्यात आहे. गाडी आणि वाटाड्या ठरवून आजही हा प्रवास करता येतो.

२/ आधी माल कोणता, हे पाहू. वर्धा खोऱ्यातील काळ्या जमिनीत पिकणारा देशी कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ याच नावाने ओळखला जाई. हिंदुस्थानातील देशी कापसाच्या उत्तम वाणांत त्याची गणना होत असे. गावाचे नाव सातासमुद्रापार गेले होते. अडचण होती ती कापूस तिथवर नेण्याची.

३/ रेल्वे येण्यापूर्वी कापसाला दोन दिशा होत्या. एक उत्तरेची : बैलांच्या पाठीवर लादून सातपुडा ओलांडायचा, शेकडो मैल चालून गंगेकाठचे मिर्झापूर गाठायचे आणि तेथून नावेने कलकत्ता. दुसरी पश्चिमेची : गाड्यांनी वऱ्हाड-खानदेशातून थळ घाट उतरून मुंबई. दोन्ही वाटांवर धूळ, पाऊस, चारा-पाण्याची टंचाई आणि कालापव्यय ठरलेलाच. बंदरावर पोहोचेपर्यंत कापसात माती किती आणि तंतू किती, यावर व्यापाऱ्यांचे वाद होत.

४/ १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. या घटनेकडे आपण दत्तकविधानाच्या प्रश्नातून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या राज्याबरोबर वर्धा खोऱ्याचा कापूसही कंपनीच्या थेट ताब्यात आला, हे विसरू नये. मँचेस्टरच्या गिरण्या त्या काळी अमेरिकेतील गुलामांनी वेचलेल्या कापसावर अवलंबून होत्या. तो पुरवठा एके दिवशी तुटेल, ही धास्ती तेथील मालकांना होतीच. १८५७ मध्ये त्यांनी कापूस पुरवठ्यासाठी खास संघटनाही काढली.

५/ येथे एक अभियंता या कथेत येतो. आडनाव कॉटन! सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधला आणि दुष्काळाने गांजलेला त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार झाला. त्या भागात आजही त्यांचे पुतळे दिसतात. ‘कॉटन दोरा’ म्हणजे कॉटनसाहेब हे नाव तेथे आदराने घेतले जाते. इंग्रज अधिकाऱ्याच्या वाट्याला असा आदर क्वचितच आला.

६/ कॉटन यांचे एक ठाम मत होते : हिंदुस्थानाला रेल्वेपेक्षा जलमार्गांची गरज अधिक आहे. जड आणि स्वस्त माल पाण्यावरून नेणे परवडते, रुळांवरून नाही. रेल्वे कंपन्यांना सरकार ५ टक्के व्याजाची हमी देत होते, म्हणजे तोटा झाला तरी भागधारक सुखरूप आणि भार रयतेवर. त्यांच्या या टीकेत तथ्य होते. त्यांचा उपाय असा की गोदावरी समुद्रापासून थेट वर्धेपर्यंत नौकांना खुली करावी आणि नागपूर-वऱ्हाडचा कापूस काकीनाडा-कोरिंगाच्या बंदरांवर उतरवावा.

७/ नदी खुली करण्यासाठी आधी काठ हवा. गोदावरीच्या त्या पट्ट्यावर निजामाचा अंमल होता. डिसेंबर १८६० च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील मुलूख इंग्रजांना दिला आणि नदीवरची जकात उठली. या मुलखाचा ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा झाला व सिरोंचा हे त्याचे ठाणे. आज महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला असलेला हा तेलुगूभाषक तालुका आपल्या नकाशात आहे, त्याचा एक धागा असा कापसापर्यंत जातो. तेथील अधिकारी ग्लासफर्ड यांचे नाव सिरोंचाजवळच्या ‘ग्लासफर्डपेठा’ या गावाने आजवर जपले आहे.

८/ आता गाडीत बसू. हिंगणघाटाहून वरोरा, चंद्रपूर, बल्लारपूर, आलापल्ली. हा प्रवास जंगलातला आहे. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते ती चपराळ्याजवळ. पुढे अहेरी तालुक्यात देवलमरी लागते. जलमार्गाच्या आराखड्यातील तिसरा, म्हणजे सर्वांत वरचा ‘अडथळा’ हाच. अडथळा म्हणजे नदीच्या पात्रात मैलोन्‌मैल पसरलेले खडक. पावसाळ्यात त्यांवरून पाणी फेसाळत धावते, उन्हाळ्यात त्यांच्यामधून नाव काय, माणूसही जपून जातो. असे तीन मोठे अडथळे होते : देवलमरी, इंद्रावतीच्या संगमाखालचे इच्चमपल्ली आणि भद्राचलमच्या वरचे दुम्मुगुडेम. योजना अशी की प्रत्येक ठिकाणी बांध घालावा, बाजूने कालवा खणावा आणि दरवाजांच्या हौदांतून नावा वर-खाली कराव्यात.

९/ सिरोंचाला प्राणहिता गोदावरीला मिळते. पैलतीरी काळेश्वराचे मंदिर. थोडे खाली मेडिगड्डाचा प्रचंड बंधारा : २०१९ च्या जूनमध्ये उद्घाटन झाले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले. दीडशे वर्षांपूर्वी याच नदीने अभियंत्यांना कसे छळले असेल, याची कल्पना तेथे उभे राहिल्यावर येते. गाड्या बहुधा काळेश्वरावरून परत फिरतात. पुढे जायचे असल्यास वाटाड्याला आधीच तसे सांगून ठेवावे.

१०/ कारण खरी जागा पुढे आहे : दुम्मुगुडेम. कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली येथे दगडी बांध, कालवा आणि दरवाजे उभे राहिले. तिन्ही अडथळ्यांपैकी सर्वाधिक काम येथे झाले. भद्राचलमच्या रामाला हजारो लोक जातात. तेथून जवळच असलेल्या या बांधाकडे फारसे कोणी वळत नाही.

११/ बांध बांधणारी माणसे कोण? किनाऱ्याकडून आणलेले मजूर आणि गवंडी. या जंगलात राहणारे कोया लोक अशा कामाला फारसे सरावलेले नव्हते. पाऊस सरला की हिवताप, मध्येच पटकी, आणि मजुरांची पळापळ. वर्षातले कामाचे दिवस मोजकेच. साहेबांची नावे दप्तरात आहेत. खडक फोडणाऱ्यांपैकी कोणाचे नाव ठाऊक नाही.

१२/ मग १८६१ उजाडले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली, लँकेशायरचे माग थंडावले आणि हिंदी कापसाचे भाव कडाडले. गोदावरीच्या योजनेला एकाएकी साम्राज्याच्या निकडीचे रूप आले. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनीही तिचा पुरस्कार केला. परंतु युद्ध चार वर्षांत संपले आणि बांध तेवढ्यात होण्यासारखा नव्हता.

१३/ योजना का फसली, याचे ठरावीक उत्तर ‘रेल्वे आली’ असे देतात. ते खरे आहे, पुरेसे नाही. १ जानेवारी १८६५ ला थळ घाटाचा मार्ग खुला झाला, १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोहोचली. काही आठवड्यांच्या वाटेचे काही तास झाले. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि लिव्हरपूलसाठी मुंबईचा किनारा पूर्व किनाऱ्यापेक्षा पुष्कळच जवळ आला. केपला वळसा घालण्याच्या काळात काकीनाडा आणि मुंबई यांत फारसा फरक नव्हता; सुएझनंतर तुलनाच उरली नाही.

१४/ पण याहून साधे एक कारण शेतकऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. कापूस वेचला जातो कार्तिकापासून माघापर्यंत. सरकी काढून, गठ्ठे बांधून माल तयार होईतो नदी उतरणीला लागलेली. ज्या महिन्यांत माल असतो त्या महिन्यांत वरच्या पात्रात पाणी नाही, आणि पाणी येते तेव्हा माल वखारीत सहा महिने अडकून पडलेला, व्याज चढत असलेले. बारमाही गंगेच्या आणि त्रिभुज प्रदेशातील कालव्यांच्या अनुभवावरून दख्खनच्या नदीचे गणित मांडले गेले, हा कॉटन यांच्यासारख्या थोर अभियंत्याचा मोठा प्रमाद म्हणावा लागेल.

१५/ १८७१ मध्ये काम थांबवण्याचा हुकूम निघाला. १८७४ मध्ये भद्राचलम आणि रेकपल्ली हे तालुके मद्रास इलाख्याला जोडले गेले. सिरोंचा मागे राहिले.

१६/ भद्राचलमखाली गोदावरी पापिकोंडलूच्या डोंगरांत शिरते. हा भाग नौकेतूनच पाहावा असा आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर चेपत येतात आणि इतकी रुंद नदी अरुंद, खोल व गडद होते. खाली पोलावरमच्या धरणाचे काम चालू आहे. त्यानंतर राजमहेंद्री आणि धवळेश्वरम. येथून नदीचे फाटे फुटतात आणि भातखाचरे, नारळ, कालवे यांचा सपाट प्रदेश सुरू होतो. कोकण पाहिलेल्या डोळ्यांना हा किनारा अगदी निराळा वाटतो : ना कडा, ना किल्ला, जमीन कुठे संपते तेच कळत नाही.

१७/ या किनाऱ्यावरची गावे लहान आहेत, पण त्यांच्या मागे मोठा व्यापार उभा आहे. पश्चिमेकडे नरसापूरजवळ मादापोल्लम : ईस्ट इंडिया कंपनीची वखार येथे होती आणि येथल्या कापडाला गावाचेच नाव पडले. मराठीत ते ‘मादरपाट’ आणि पुढे ‘मांजरपाट’ झाले. मांजरपाटाचा सदरा शिवणाऱ्या कितीजणांना त्यात मांजराचा काही संबंध नाही हे माहीत असेल! पूर्वेकडे यानम : आंध्राच्या पोटात पुद्दुचेरीचा तुकडा, कारण १९५४ पर्यंत तेथे फ्रेंचांची सत्ता होती. शेजारीच इंजरम, इंग्रजांची वखार. मैल-दोन मैलांवर दोन वैरी राष्ट्रे एकाच विणकरांकडून कापड घेत होती.

१८/ कोरिंगा हे एकेकाळचे जहाजबांधणीचे नामांकित बंदर. १७८९ च्या वादळात समुद्राच्या लाटा गावावर चालून आल्या. १८३९ मध्ये पुन्हा तेच. चक्री वादळाला ‘सायक्लोन’ हा शब्द देणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी कोरिंग्याच्या वादळाचा अभ्यास केला होता. वादळांनी मोडले आणि गोदावरीच्या गाळाने बुजवले, असे या बंदराचे झाले. आज तेथे कांदळवनाचे अभयारण्य आहे. लाकडी पुलावरून चालताना भोवती चिखल, खेकडे आणि पक्षी.

१९/ कोरिंग्याचा व्यापार काकीनाड्याला गेला. जगन्नाथपुरम हा त्याचा भाग १८२५ पर्यंत डचांकडे होता. अमेरिकन युद्धाच्या वर्षांत काकीनाड्याने कापसाची भरभराट पाहिली, पण ती टिकली नाही. मराठी प्रवाशाला या गावाची एक निराळी ओळखही असते : १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अली यांचा आक्षेप न जुमानता पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ‘वंदे मातरम्’ पूर्ण गायले, ते याच शहरात.

२०/ आणि हिंगणघाट? १८७० च्या दशकात वर्ध्याहून निघालेला लोहमार्ग हिंगणघाटावरून वरोऱ्याच्या कोळसा खाणींपर्यंत गेला. गठ्ठे मुंबईकडे जाऊ लागले, गावात गिरण्या उभ्या राहिल्या. पण ज्या लांब, मऊ धाग्याच्या ‘बणी’ कापसासाठी नदी फोडायला निघाले होते, तो कापूस पुढल्या काही दशकांत शेतांतून मागे हटला. आखूड धाग्याचा, जाडाभरडा ‘जरी’ कापूस अधिक रुई देत असे. भावातला फरक शेतकऱ्याच्या हाती इतका थोडा पडे की चांगला वाण पेरणे म्हणजे तोटा ओढवून घेणे होते. लिव्हरपूलच्या दरपत्रकात नाव राहिले, त्या नावाचे बी शेतात राहिले नाही.

२१/ हिंगणघाटात असताना एक कबर अवश्य पाहावी. १८०२ मध्ये मद्रासच्या किनाऱ्याजवळ पहिली आधाररेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ करणारे विल्यम लॅम्बटन हैदराबादेहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी येथे वारले. पुढे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे गेले. शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. लॅम्बटन वणेकाठच्या गावात आहेत.

२२/ १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशाह हा दुवा पूर्ण झाला आणि हिंगणघाट दिल्ली-मद्रास लोहमार्गावर आले. पूर्व किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या आता गावातूनच जातात. वाटेतल्या नद्या त्या पुलांवरून ओलांडतात.