नाव कुणाचं, आवाज कुणाचा? शुगाबेब्ज आणि गर्ल्स अलाउडची गोष्ट

'हा बँड खरा नाही, बनवलेला आहे.' संगीतावर बोलताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणजे मुली आपणहून एकत्र आल्या, मैत्री झाली, गायला लागल्या असं नाही. कुणीतरी ऑफिसात बसून त्यांना निवडलं, कपडे दिले, गाणी दिली आणि बाजारात सोडलं. बनवलेलं ते नकली आणि नकली ते टिकत नाही, असा निकालही त्या वाक्यात आधीच लागलेला असतो.

हा निकाल तपासायचा असेल तर ब्रिटनमधल्या दोन मुलींच्या गटांचा हिशोब मांडून बघा. शुगाबेब्ज आणि गर्ल्स अलाउड. दोघी एकाच काळातल्या, एकमेकींच्या स्पर्धक. मी यांच्याकडे वळलो तो गाण्यांचा दर्दी म्हणून नाही. आकडे काय सांगतात आणि काय झाकतात हे बघायची पत्रकाराची खोड, एवढंच.

आधी शुगाबेब्ज. १९९८ साली लंडनमध्ये रॉन टॉम नावाच्या मॅनेजरनं हा गट उभा केला. याच माणसानं आधी ऑल सेंट्स हा गाजलेला गट सांभाळला होता. शिवॉन डोनागी, म्युटिया ब्वेना, कीशा ब्युकॅनन. तिघी जेमतेम तेरा-चौदा वर्षांच्या. २००० मध्ये 'ओव्हरलोड' हे पहिलं गाणं आलं आणि ब्रिटिश चार्टवर सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. गाणी लिहिण्यात मुलींचा वाटा होता, कॅमेऱ्यापुढे त्या उगाच हसत नव्हत्या. समीक्षकांनी ठरवून टाकलं की या 'खऱ्या'. मॅनेजरनं जुळवलेला गट असूनही!

पण २००१ मध्ये शिवॉन बाहेर पडली. आपण नैराश्यातून जात होतो, हे तिनं पुढे सांगितलं. रेकॉर्ड कंपनीनंही हात काढून घेतला. हायडी रेंज आत आली, नवी कंपनी मिळाली, आणि २००२ मध्ये 'फ्रीक लाइक मी' आणि 'राउंड राउंड' ही लागोपाठ दोन गाणी पहिल्या क्रमांकावर गेली.

आता गर्ल्स अलाउड. त्यांची गोष्ट टीव्हीवरची. 'पॉपस्टार्स' हा कार्यक्रम मुळात न्यूझीलंडचा. १९९९ मध्ये तिथे त्यातून ट्रूब्लिस हा मुलींचा गट निघाला आणि मग हा साचा देशोदेशी विकला गेला. आपल्याकडेही आला. २००२ मध्ये चॅनल व्हीवर याच साच्यातून 'व्हिवा' नावाचा पाच मुलींचा गट तयार झाला. माझ्या वयाच्या लोकांना तो नक्की आठवत असेल. अनुष्का मनचंदा आणि नेहा भसीन त्यातल्याच. दोन अल्बम झाले आणि गट संपला.

ब्रिटनमध्ये २००१ साली याच कार्यक्रमातून हिअरसे हा मुलामुलींचा गट आला. पहिल्या गाण्याच्या पहिल्याच आठवड्यात पाच लाखांवर प्रती खपल्या. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात गट बंद. त्यामुळे २००२ च्या शेवटी 'पॉपस्टार्स : द रायव्हल्स' सुरू होतं तेव्हा यातून काही टिकाऊ निघेल अशी आशा कुणाला नव्हती. पाच मुलींचा एक गट, पाच मुलांचा एक. दोघांची गाणी एकाच दिवशी दुकानात. नाताळच्या आठवड्यात पहिला कोण, ही शर्यत.

इथे ब्रिटिश चार्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. आपली बिनाका गीतमाला आठवते ना? तिथे दुकानातली विक्री होती, तशी श्रोत्यांची पत्रं आणि श्रोता संघांची पसंतीही होती. ब्रिटनमध्ये तेव्हा हिशोब सरळ होता : आठवड्यात प्रती किती विकल्या? रेडिओवर गाणं किती वाजलं याला किंमत नाही. आणि नाताळच्या आठवड्यातला पहिला क्रमांक तर तिथे राष्ट्रीय बातमीच असते.

मुली जिंकल्या. 'साउंड ऑफ द अंडरग्राउंड' चार आठवडे पहिलं राहिलं. मुलांचा 'वन ट्रू व्हॉइस' दुसरा आला आणि पुढच्याच वर्षी विसर्जित झाला.

आता गंमत बघा. 'खऱ्या' शुगाबेब्जचं 'राउंड राउंड' आणि 'बनवलेल्या' गर्ल्स अलाउडचं 'साउंड ऑफ द अंडरग्राउंड' ही दोन्ही गाणी एकाच भटारखान्यातली! ब्रायन हिगिन्स, मिरांडा कूपर आणि मंडळींचा 'झेनोमेनिया' हा चमू. मुक्काम केंट परगण्यातल्या एका घरात. हे लोक एकाच ठेक्यावर निरनिराळ्या चाली गाऊन घ्यायचे आणि त्यातले चांगले तुकडे शिंप्यासारखे जोडायचे. त्यामुळे गर्ल्स अलाउडचं २००५ मधलं 'बायॉलॉजी' ऐकलं तर ध्रुवपद येईपर्यंत गाणं दोनतीनदा रस्ता बदलतं. बाजारू म्हणून हिणवलेल्या गटानं इतका धाडसी प्रयोग केला आणि तो चौथ्या क्रमांकापर्यंत नेला.

फरक होता तो आवाजांचा. शुगाबेब्जची ताकद तीन वेगवेगळे गळे एकमेकांत मिसळण्यात. म्युटियाचा खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा आवाज कुठेही ओळखू यावा असा. गर्ल्स अलाउडची ताकद वेगात, गिटार आणि यंत्राच्या ठेक्याच्या झटापटीत. तिथे गाणं मोठं, गळा त्याचा एक भाग.

मग आकड्यांत कोण जिंकलं? पहिल्या क्रमांकाची गाणी मोजली तर शुगाबेब्ज ६, गर्ल्स अलाउड ४. यातलं 'वॉक धिस वे' दोघींचं मिळून, २००७ मध्ये 'कॉमिक रिलीफ' या मदतनिधीसाठी गायलेलं. पण सातत्य मोजलं तर पारडं फिरतं. गर्ल्स अलाउडची सलग २० गाणी पहिल्या दहात गेली. एकविसावं, 'अनटचेबल', २००९ मध्ये अकराव्या क्रमांकावर अडलं तेव्हा ती साखळी तुटली. तेव्हा कुणी 'चार्टवर अमुकच मोठा' म्हणालं तर आधी विचारायचं : मोजलं काय? निवडणुकीच्या आकड्यांना आपण हाच प्रश्न विचारतो. जागा की मतं?

पण मला खरी गोष्ट चार्टच्या बाहेर दिसते.

२००५ च्या डिसेंबरात म्युटियानं गट सोडला. त्याच वर्षी ती आई झाली होती. तिच्या जागी अमेल बेराबा आली आणि आधीच निघालेला अल्बम काही गाण्यांत नवा आवाज भरून पुन्हा बाजारात आणला गेला. आपल्याकडे नाटकात बदली कलाकार उभा करतात ना, तसं. २००७ मध्ये 'अबाउट यू नाउ' पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे माणसं बदलली तरी नाव चालतं, असा समज व्हायला पुरेसं कारण मिळालं. २००९ मध्ये कीशालाही बाहेर केलं गेलं आणि जेड युअन आली. आता शुगाबेब्जमध्ये मूळ तिघींपैकी एकही नव्हती. पुढचा अल्बम २०१० मध्ये आला, तो चौदाव्या क्रमांकापर्यंत गेला. त्यानंतर गट थंडावला.

मूळ तिघी पुन्हा एकत्र आल्या, पण नाव त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून 'म्युटिया कीशा शिवॉन' अशी तिघींची पहिली नावं लावून २०१३ मध्ये त्यांनी 'फ्लॅटलाइन' काढलं. गाणं पन्नासाव्या क्रमांकापुढे सरकलं नाही. अल्बमचा चार्ट वेगळा, गाण्यांचा वेगळा, हे मान्य. तरी शेजारी ठेवून बघा : आवाज नसलेलं नाव चौदावर, नाव नसलेले आवाज पन्नासावर. मूळ कोण आणि नाव-चिन्ह कुणाचं, हे वाद आपल्या राज्याला समजावून सांगायची गरज नाही.

उलट गर्ल्स अलाउड. शेरिल, नदीन, सारा, निकोला, किंबर्ली. २००२ मध्ये ज्या पाच, त्याच पाच २०१३ मध्ये गट संपेपर्यंत. माझ्या मते याचं कारण त्या 'बनवलेल्या' असण्यातच आहे. त्यांची निवड बंद खोलीत झाली नव्हती. लोकांनी आठवड्यामागून आठवडे फोन करून या पाच जणी निवडल्या होत्या. तो चेहरा बदलायची सोय कंपनीला उरली नाही. ज्या टीव्हीमुळे त्यांना नावं ठेवली गेली, त्यानंच त्यांच्या खुर्च्या सांभाळल्या.

आमच्या धंद्याबद्दलही बोलायला हवं. मुलींच्या गटात भांडण लागलं की पेपर खपतात, हे तिथल्या पेपरवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. शुगाबेब्जमधल्या प्रत्येक फुटीत 'त्रास देणारी' म्हणून बोट कीशाकडे गेलं. २०२० मध्ये ती स्वतः व्हिडिओवर बोलली : काळी मुलगी म्हणून हा शिक्का आपल्यावर किती सहज मारला गेला आणि त्यानं आपलं काय झालं. करार करणारे, कोणाला ठेवायचं ठरवणारे त्या मथळ्यांत कधी आले नाहीत. मालक पडद्याआड आणि बातमी मुलींच्या भांडणाची, हा मामला लंडनपुरता नाही.

२०१९ पर्यंत नाव मूळ तिघींकडे परत आलं. २०२२ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात त्यांना ऐकायला इतकी गर्दी झाली की ते मैदान बंद करावं लागलं. २०२३ मध्ये त्यांनी लंडनच्या ओटू अरिनात कार्यक्रम केला.

गर्ल्स अलाउडमधली सारा हार्डिंग २०२१ मध्ये स्तनाच्या कर्करोगानं गेली. वय अवघं ३९. २०२४ मध्ये उरलेल्या चौघी तिच्या आठवणीत दौऱ्यावर निघाल्या. पाचवी कुणी घेतली नाही. टीव्हीनं बनवलेल्या, नकली म्हणून हिणवलेल्या गटानं ती जागा रिकामी ठेवली. आता 'खरा बँड' कुणाला म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.