'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' : एक नाव, ढीगभर सिनेमे, बघायचा कोणता?



मोबाईलवर 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' सर्च करून बघा. एकाच नावाचे चार-पाच सिनेमे समोर येतात. नुसत्या २००५ मध्येच तीन आले होते! मग रविवारी रात्री बघायचा कोणता? उत्तर देतो, पण त्याआधी जरा मागे जावं लागेल, थेट १८९७ मध्ये.

एच. जी. वेल्स तेव्हा तिशीत होता. इंग्लंडमधल्या वोकिंग गावात राहताना तो सायकलवर फिरायचा आणि मंगळावरचे लोक कुठली घरं उद्ध्वस्त करतील, याच्या जागा हेरून ठेवायचा. मूळ कल्पना मात्र त्याच्या भावाची, फ्रँकची. पुस्तक त्यालाच अर्पण केलंय. गोऱ्यांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांची जी कत्तल केली, त्यावर दोघं बोलत होते. तेच आपल्यावर, इंग्लंडवर, आकाशातून कोसळलं तर?

ही कादंबरी एप्रिल ते डिसेंबर १८९७ या काळात मासिकात क्रमशः छापून येत होती. आता बघा, त्याच वर्षी २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीला साठ वर्षं झाल्याचा सोहळा होता, लंडनमध्ये आणि आपल्या पुण्यातही. त्याच रात्री गणेशखिंडीतून, त्या सोहळ्याहून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेगच्या तपासणीसाठी घराघरांत घुसणारे सोल्जर, हा त्यामागचा राग. आता वेल्सच्या डोक्यात पुणं होतं असं मी म्हणत नाही हां. पण साम्राज्य ऐन भरात असताना तो पहिल्याच प्रकरणात वाचकाला टास्मानियाची आठवण करून देतो आणि विचारतो, मंगळवाल्यांना नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार? (तिथले लोक पूर्ण संपले असं वेल्ससकट सगळे तेव्हा समजत. तसं नाही, त्यांचे वंशज आजही आहेत.)

ही बोचणी सिनेमावाल्यांनी कुठे ठेवली, हे बघत मी सिनेमे बघितले.

१९५३ चा सिनेमा निर्माता जॉर्ज पालचा, दिग्दर्शक बायरन हॅस्किन. गोष्ट उचलून कॅलिफोर्नियात नेलीय. तीन पायांची यंत्रं गायब, त्याऐवजी नागाच्या मानेसारखा फणा काढलेली तरंगती विमानं. दिसतात अजूनही भारी, स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर उगाच नाही मिळालं. पण काळ शीतयुद्धाचा. शत्रूवर अणुबॉम्ब टाकतात आणि काहीच होत नाही, ही त्या अमेरिकेची खरी भीती. हिरो शास्त्रज्ञ, आजूबाजूला जनरल. कादंबरीतला पाद्री भेदरट आणि ओझं झालेला. इथे तो बायबल हातात घेऊन धीराने मरणाला सामोरा जातो, आणि शेवटही चर्चमध्ये. वेल्सला हे अजिबात आवडलं नसतं, असं माझं मत.

मधे १९३८ मध्ये ऑर्सन वेल्सने रेडिओवर याच गोष्टीचं नाटक केलं होतं, बातमीपत्राच्या थाटात, आणि मंगळवाले उतरवले न्यू जर्सीत. (अख्खी अमेरिका रस्त्यावर आली वगैरे पेपरवाल्यांनी बरंच फुगवलेलं आहे.)

स्पीलबर्गचा २००५ चा सिनेमाही न्यू जर्सीतच सुरू होतो. टॉम क्रूझ गोदीत क्रेन चालवणारा, घटस्फोटित, बाप म्हणून यथातथाच. अंगभर राख, भिंतींवर हरवलेल्यांचे फोटो, म्हणजे ९/११ ताजं होतं. पण त्याने दोन गोष्टी कादंबरीतून परत आणल्या. एक, तीन पायांची यंत्रं. दुसरी जास्त महत्त्वाची: आपल्याला फक्त तेवढंच दिसतं जेवढं पळणाऱ्या माणसाला दिसतं. युद्धाचा नकाशा नाही, जनरलची खोली नाही. माणसं एका गाडीसाठी एकमेकांच्या जिवावर उठतात, ते तर जसंच्या तसं वेल्सचं जग. आणि तळघरातला तो अर्धवट वेडा टिम रॉबिन्स बोलून जातो की परक्यांचा कब्जा कधीच टिकत नाही. हे इराकमध्ये अमेरिकन सैन्य असताना! टास्मानियाच्या सगळ्यात जवळ जाणारं वाक्य हेच.

बाकीचं पटकन. २००५ मध्येच एक व्हिक्टोरियन काळातलाही आला होता, जवळपास तीन तासांचा. पुस्तकाशी प्रामाणिक, पण बजेट इतकं तुटपुंजं की नजर पडद्यापेक्षा घड्याळाकडेच जाते. २०२५ चा आइस क्यूबवाला सगळा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर घडतो. तो सोडा.

तर माझं मत स्पीलबर्गला. शेवटची दहा मिनिटं गोड-गोड आहेत, तेवढं सहन करा. शेवटच्या सीनमधले आजी-आजोबा नीट बघा, ते १९५३ चे हिरो-हिरोईन आहेत. फक्त आधी कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचा. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, इंग्रजी थोडं जुनं आहे पण जमेल. मग हेडफोन लावा, दिवे बंद करा. तो पहिला भोंगा वाजतो ना, तो मोबाईलच्या स्पीकरवर वाया घालवू नका.

भेटू पुढच्या भागात!