सोडवणूक: नाशिकचं शरणपूर ते मोंबासाचं फ्रिअर टाउन

आजचा शब्द आहे ‘सोडवणूक’. घरातला दागिना अडचणीच्या वेळी गहाण पडतो. पुढे चार पैसे हातात आले की आपण सावकाराकडे जाऊन तो सोडवून आणतो. बायबलमधली मुक्तीची कल्पना मुळात अशीच व्यवहारातली आहे. येशूने आपला जीव ‘खंडणी’ म्हणून दिला, असं मराठी बायबल म्हणतं. आज हा शब्द ऐकला की गुन्हेगारीच्या बातम्या आठवतात. तिथे मात्र अर्थ साधा आहे: दुसऱ्याच्या ताब्यात गेलेल्या माणसाला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत.

लेवीय या पुस्तकाचा २५ वा अध्याय बघा. एखाद्या इस्राएली माणसाने गरिबीपायी स्वतःला परक्याला विकलं, तर त्याला कोणी सोडवायचं? भावाने, चुलत्याने, चुलतभावाने. म्हणजे सोडवणारा हा नातलग. कारणही दिलंय: या लोकांना देवाने मिसरातून बाहेर काढलं, ते त्याचे आहेत, त्यांची गुलाम म्हणून विक्री करायची नाही. याच अध्यायात परदेशी गुलाम ठेवायला मुभा आहे, हेही खरं, आणि पुढे गुलामांच्या मालकांनी त्याचा भरपूर आधार घेतला. पण सोडवणुकीचं तत्त्व स्पष्ट आहे. सोडवणारा नवा मालक होत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता नाशिकला येऊ. तिथला शरणपूर रोड आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेलं ख्रिस्ती गाव. ब्रिटिश नौदल अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडायचं. त्यांतली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात, आणि काही शरणपूरला पाठवली जात. तिथे त्यांना शाळा मिळाली, सुतारकाम, लोहारकाम मिळालं, बाप्तिस्मा मिळाला आणि नवं नावही मिळालं.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मध्य आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच पुरलं. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने. मग या लोकांनी तो देह शेकडो मैल वाहत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदेकरी म्हणून जे मानकरी होते, त्यांत जेकब होता. एके काळी जो गुलामांच्या व्यापारात सापडला होता, तो माणूस तिथे उभा होता!

१८७३ मध्येच मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर झांजिबारला गेले होते आणि त्या वर्षी तिथला गुलामांचा बाजार कराराने बंद झाला. १८७५ मध्ये मोंबासासमोर मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. तिचं नाव फ्रिअर टाउन. वसवणारे विल्यम प्राइस, जे आधी शरणपूरला होते. नाशिककडचे आफ्रिकी लोक तिथे शिक्षक, कारागीर, धर्मोपदेशक म्हणून गेले. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत.

पण तिथे एक वेगळाच पेच झाला. आजूबाजूच्या मालकांकडून पळालेले गुलाम मिशनच्या रबाई गावात आश्रयाला येऊ लागले. मालक म्हणाले, आमची माणसं परत द्या. शेवटी १८८९ च्या सुरुवातीला ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या पुढाकाराने मालकांना भरपाई देऊन सुमारे १,४०० जणांना मुक्तीचे कागद दिले गेले. अक्षरशः खंडणी! आणि लगेच प्रश्न येतो: पैसे मोजले म्हणजे मालकाचा हक्क मान्य केला का? गंमत बघा, येशूने खंडणी दिली ती कोणाला, यावर चर्चच्या पहिल्या शतकांतले विद्वानही असेच भांडले होते. सैतानाला दिली म्हणावं, तर त्याचा हक्क मान्य होतो. रबाईत तो वाद जिवंत माणसांवर आला.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. फ्रिअर टाउनमध्ये शिस्तीच्या नावाखाली मुक्त माणसांना फटके मारले गेले. बाहेर बोभाटा झाला, चौकशी झाली. मारणारे दुष्ट होते, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यांना बहुधा वाटत असावं की आपण यांना सोडवलं, म्हणून यांच्यावर आपला अधिकार आहे. लेवीय नेमकं हेच नाकारतं. सोडवणारा नातलग असतो, मालक नसतो.

मला वाटतं, ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जगण्यात मुक्तीची कसोटी इथेच लागते. आपण कोणाची फी भरतो, कोणाचं कर्ज फेडतो, कोणाला नोकरी लावून देतो. मग दहा वर्षं त्याने आपल्यासमोर मान खाली घालून बोलावं, अशी अपेक्षा ठेवतो. दागिना सोडवला खरा, पण आपल्याच तिजोरीत परत गहाण ठेवला! ज्याला आपण स्वतः फुकट सुटलो असं वाटतं, त्याने उपकाराची वही उघडी ठेवू नये. सोडवलेल्या माणसाला घरचा माणूस म्हणून शेजारी बसवता येतं का, एवढाच प्रश्न आहे.